जपानी कुंचल्यातली शूर्पणखा

पंचवटीत मी बरीच वर्षं मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. आधी शाळेत शिकवत होते, निवृत्तीनंतर घरच्याच ओसरीवर, रविवारी सकाळी. येणारी निम्मी मुलं काळाराम आणि सीतागुंफेच्या आसपासच्या गल्ल्यांतली. त्यांना घेऊन जपानी ॲनिमेशन, जपानी कागदी नाटक आणि आपलं रामायण यांची जी सरमिसळ होत गेली, तिच्यातून काही गोष्टी कळल्या. त्या इथे मांडते. क्रम माझ्या सोयीचा आहे, त्यात लहानमोठं काही नाही.

१. गोष्ट आपली आहे म्हणून दारात पहारा देत बसू नये.

युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ साली उत्तर प्रदेशात आले होते. रामायणाशी निगडित जागांवर पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल उत्खनन करत होते, त्यावर माहितीपट करायचा होता. तिथे त्यांना रामकथा भेटली. परत जाऊन त्यांनी जपानीत मिळाली तेवढी रामायणं वाचली, दहाएक तरी, आणि ॲनिमेशनपट काढायचं मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं की राम हा देव. नटाने उभा करण्यापेक्षा तो चित्रातच नीट उतरेल.

इकडे वेगळंच सुरू झालं. परक्यांनी आमच्या रामायणावर सिनेमा काढायचा नाही, असं विश्व हिंदू परिषदेचं पत्र दिल्लीतल्या जपानी दूतावासात पोचलं. तो गैरसमज पुढे मिटला. पण विषय नाजूक आहे, कार्टूनमध्ये नको, म्हणून भारत सरकारने भागीदारीला नकार दिला. शेवटी सिनेमा जपानमध्येच तयार झाला. साकोंबरोबर राम मोहन आणि कोइची सासाकी दिग्दर्शक, संगीत वनराज भाटियांचं, आणि इंग्रजी आवृत्तीतली गाणी चक्क संस्कृतात, वसंत देवांनी लिहिलेली. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला, तेव्हा अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली त्याला जेमतेम महिना उलटला होता. थिएटरात तो धड लागलाच नाही. पुढे हिंदीत, अरुण गोविलांच्या आवाजातल्या रामासह टीव्हीवर आला आणि एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ झाला.

हा सिनेमा मी वर्गात पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारचे एक आजोबा दारात उभे राहून म्हणाले, “बाई, जपान्यांना आपला राम काय कळणार?” मी म्हटलं, “आजोबा, बसा तर खरं.” कुंभकर्ण उठेपर्यंत ते उभेच होते. मग खुर्ची मागितली.

पंचवटीत राहणाऱ्याला एक खोड असते. राम इथे राहिला, म्हणजे रामकथेचा सातबारा आपल्या नावावर, असं वाटतं. खरं तर ही गोष्ट जपानला केव्हाच पोचली होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘होबुत्सुशू’ नावाच्या जपानी ग्रंथात रामकथा आहे. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करणारा ऋष्यशृंग तर तिकडच्या नोह रंगभूमीवर एका शिंगाचा तपस्वी होऊन उभा आहे. ‘इक्काकु सेन्निन’ हे त्याचं नाटक काही शतकं जुनं. आपली सरस्वती तिकडे बेन्झाईतेन झाली, वीणेच्या जागी हातात बिवा आलं. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं आणि काही बिघडलंही नाही.

२. हत्यार कुठलंही चालेल, हात आपला लागतो.

इथे नाशिककराने दुसरं नाव घेणं शक्यच नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. त्यांच्याकडे ‘पहिला चित्रपट काढणारा माणूस’ म्हणून पाहिलं जातं, ते ठीकच. पण मला त्यांच्या आधीच्या उचापती जास्त महत्त्वाच्या वाटतात. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोगही केले. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना होता, पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. घराघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वती फ्रेममध्ये बसल्या, त्या जर्मन शिळाछापाच्या तंत्राने छापलेल्या. फाळके तिथे राबले, मग रंगीत छपाईची यंत्रं पाहायला १९०९ साली स्वतः जर्मनीला गेले. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर का येऊ नयेत, हा भुंगा डोक्यात शिरला. १९१२ ला लंडन. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून घेतलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला आलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ इथले. १९१७ चा ‘लंकादहन’ही इथला, त्यात अण्णा साळुंके एकटेच राम झाले आणि सीताही. ‘श्रीकृष्णजन्म’ या १९१८ च्या चित्रपटाचे जे तुकडे उरले आहेत, त्यात कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं. कॅमेरा विलायती, युक्ती फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएने जगाला दाखवलेल्या जातीची, आणि भीती मात्र शुद्ध देशी. मेलिए चंद्रावर गेला, आमचा माणूस कंसाच्या स्वप्नात शिरला.

१९१४ ला ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी कौतुक केलं, इथेच राहून चित्रपट काढा म्हणून सांगितलं. ते परत आले. नाशिकची माती सोडवेना, असं आमच्याकडे भाबडेपणाने सांगतात. माझं मत वेगळं आहे. त्यांना धंदा इथे उभा करायचा होता, कॅमेरा चालवणारी, फिल्म धुणारी, रंग लावणारी माणसं इथे तयार करायची होती. चार वर्षांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली, ती त्या हट्टातून.

त्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. काड्या आपोआप हलतात, जुळतात, आकार धरतात. वर्गात आम्ही ते करून पाहिलं. काळ्या कागदावर काड्या, वर तिकाटण्याला बांधलेला मोबाइल. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला, फोटो. पुन्हा सरकवायची. ओजस नावाचा एक द्वाड मुलगा, त्याला काड्यांचं धनुष्य मोडून दाखवायचं होतं. पंख्याच्या वाऱ्याने काड्या हलायच्या, म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. घामाने सगळी निथळली आणि हाती लागलं ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारं धनुष्य. पण ते मोडलं तेव्हा ओसरीत जो आरडाओरडा झाला, तो ऐकून समोरच्या घरातून कुणीतरी विचारायला आलं, मॅच जिंकलो का.

३. अद्भुताचं पोट तपशिलावर भरतं.

दहा तोंडांवर विश्वास बसायला धोतराचा काष्टा बरोबर लागतो. युगो साकोंच्या सिनेमात हे सांभाळलं आहे. भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना इथल्या चालीरीती, पोशाख, वागणं-बोलणं समजावून दिलं. राम मोहन यांचं स्वतःचं शिक्षणही असंच झालेलं. १९५६ च्या सुमाराला डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांत राम मोहन होते. त्या विभागाचा गाजलेला पहिला चित्रपट ‘द बन्यन डियर’, जातकातल्या हरणाची गोष्ट. म्हणजे अमेरिकन शिकवतो, भारतीय शिकतो, आणि पस्तीसेक वर्षांनी तोच भारतीय जपान्यांच्या शेजारी बसून मारीचाचं हरीण पळवतो.

माझ्या मुलांचा डोळा मात्र कडक. सिनेमातली पंचवटी त्यांना पटत नाही. “बाई, आपल्याकडे एवढं हिरवं कुठे असतं?” मी म्हटलं, श्रावणात त्र्यंबकला जाऊन बघ. त्यावर उत्तर, “पण खडक तरी काळा पाहिजे ना.” बरोबर आहे. गोदेचा घाट, काळाराम, सगळं काळ्या दगडाचं. त्या रानात कोवळी, ओलसर जपानी हिरवळ आहे, आणि मला ती आवडते. ती त्यांच्या डोळ्यांत होती, ती त्यांनी दिली. मुलांनी आपापली पंचवटी काढली तेव्हा काळा खडू आधी संपला.

शूर्पणखेच्या बाबतीत तर पंचाईतच. तपोवनात लक्ष्मणाने तिचं नाक कापलं, ती जागा मुलांनी पाहिलेली, तिथे भेळ खाल्लेली. त्यामुळे तिच्या नाकाचा आकार कसा असावा यावर प्रत्येकाचं ठाम मत. कुणी नथ घालून दिली. नथ कापल्यावर कुठे पडली, यावर दोघींचं भांडण होऊन एकीने वर्ग सोडायची धमकी दिली.

४. दोन्हीकडे चित्र दाखवून गोष्ट सांगणारी माणसं असतील, तर निम्मं काम झालेलं असतं.

जपानहून एक बाई काही आठवडे नाशिकला आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, तिकडे ग्रंथालयात मुलांना कामिशिबाई दाखवणाऱ्या. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. कामिशिबाई म्हणजे कागदाचं नाटक. लाकडी चौकट, तिला पुढे दोन-तीन दारं, आत चित्रांचा गठ्ठा. एक चित्र बाजूला ओढायचं की मागचं दिसतं. १९३० च्या दशकात सायकलच्या कॅरिअरवर ही चौकट बांधून गोष्टीवाले गल्लोगल्ली फिरायचे, लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटून मुलं गोळा करायचे आणि आधी गोळ्या-मिठाई विकायचे. ज्याने घेतली तो पुढे बसणार. टीव्ही आला तेव्हा जपानी लोक त्याला विजेचं कामिशिबाई म्हणायचे. पुढे त्या विजेनेच गोष्टीवाले बसवले.

भद्रकालीतल्या एका सुताराकडून मी चौकट करून घेतली. प्लायवूडची. तो विचारत होता, “देवघर का?” म्हटलं, जवळपास.

मुलांनी सुवर्णमृगाची गोष्ट काढली. आता यातली मेख पाहा. सांगणारा चौकटीच्या मागे किंवा बाजूला असतो, त्याला चित्राची पुढची बाजू दिसत नाही. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्राच्या पाठीवर लिहायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तसंच पुढे. मुलांना हे पटवायला एक अख्खा तास गेला आणि पहिल्याच प्रयोगात रावण सीतेच्या तोंडची वाक्यं बोलला. त्या बाईंनी हसू दाबलं, पण चित्र कसं ओढायचं ते मात्र हसत शिकवलं नाही, अगदी गंभीरपणे शिकवलं. हरीण झुडपाआडून दिसतं, त्या चित्राला झटका द्यायचा नाही. अर्ध्यापर्यंत ओढायचं, थांबायचं. प्रेक्षकाला फक्त शिंग दिसलं पाहिजे. मग श्वास सोडायच्या आत उरलेलं. सीता “मला ते हवं” म्हणते तिथे मात्र सर्रकन. आमच्या पोरांना सर्रकन पहिल्या दिवसापासून येत होतं. थांबणं यायला वेळ लागला.

मग मी बाईंना आपल्याकडची गोष्ट सांगितली. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वीणा-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची. सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बाई एकदम सरसावून बसल्या. त्यांचा पहिला प्रश्न कलेबद्दल नव्हता. “चित्र बदलताना गाणं थांबतं का?” मला उत्तर ठाऊक नव्हतं, आम्ही व्हिडिओ लावून पाहिला, तिघींनी वाद घातला, दुभाषी मुलगी सोडून सगळ्यांनी भजी संपवली. व्यासपीठावर दोन देशांची मैत्री म्हणून जे काही बोलतात, त्यापेक्षा त्या एका प्रश्नात जास्त होतं.

५. आपल्या भुताखेतांपेक्षा दुसऱ्याची जवळची वाटतात.

रोज सीतागुंफेवरून शाळेत जाणाऱ्या पोराला सीतागुंफेचं काय कौतुक? रांग किती, एवढंच त्याला सांगता येतं. त्याच मुलांना बाईंनी कप्पाची गोष्ट सांगितली आणि ती वेडी झाली. कप्पा हा जपानी नदीतला खोडकर, प्रसंगी घातकी जीव. डोक्यावर खळगा, त्यात पाणी. ते पाणी सांडलं की त्याची ताकद गेली. काकडी म्हणजे जीव की प्राण. आणि वागायला फार नम्र, कुणी वाकून नमस्कार केला तर तोही वाकतो, म्हणजे पाणी सांडलंच.

पुढच्या रविवारी कप्पा रामकुंडात आला होता. कुणी त्याला गंगापूर धरणातून वाहून आणलं, कुणी सिंहस्थाच्या गर्दीत हरवलेला दाखवला. सगळ्यात भारी युक्ती एका मुलीची. तिचा कप्पा घाटावर अडकतो, कारण तिथे सगळेच एकमेकांच्या आणि गोदामाईच्या पाया पडतात. बिचाऱ्याला दिवसभर वाकावं लागतं आणि डोकं सतत कोरडं. शेवटी एक आजी त्याच्या खळग्यात तांब्याने पाणी घालते. बाईंनी ते चित्र मागून घेतलं. मुलीने देताना सांगितलं, काकडी खिशात आहे, दिसत नाही पण आहे.

६. परकं आणताना आपल्या घरात बसेल असं बसवावं, हे आमच्याकडच्यांनी कधीच करून ठेवलं आहे.

यावर जास्त लिहीत नाही. कुसुमाग्रजांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ केलं ते १९५४ चं, मेटरलिंकच्या नाटकावरून ‘वैजयंती’ त्याआधीचं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणल्या, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न घरोघरी नेला. माझ्या लहानपणी वाचनालयाच्या ज्या कपाटात हे सगळं ठेवलेलं असायचं, त्यावर ‘अद्भुत’ अशी चिठ्ठी होती. कोण कुठल्या देशाचा, याची चिठ्ठी नव्हती.

७. नारळ फोडण्याआधी मुलांना खायला द्यावं.

एका संस्थेने आमचा कामिशिबाईचा प्रयोग ठेवला, नाव सांगत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, दोन्ही देशांचे झेंडे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग मनोगत. सकाळी आलेली मुलं दुपारपर्यंत चौकट मांडीवर घेऊन बसली होती. प्रयोगाला वेळ उरला पाच मिनिटं. “हरीण तेवढं दाखवा,” असं सूत्रसंचालक म्हणाले. मुलांनी हरीण दाखवलं, अर्ध्यावर थांबवून, नीट. टाळ्या पडल्या. परतीच्या रिक्षात कुणी बोललं नाही, फक्त बाई म्हणाल्या की थांबणं आज फार छान जमलं. तेव्हापासून आमचे प्रयोग कुणाच्या तरी गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या मागे, क्वचित देवळाच्या सभामंडपात. आधी पोहे, मग प्रयोग, भाषण कुणाचंच नाही.

८. आपल्याकडचं कुठलं द्यायचं, ते पाहुण्याला निवडू द्यावं.

२०२५ च्या जानेवारीत तो जपानी रामायणपट नव्याने झळझळीत करून थिएटरांत लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी. मराठी यादीत नव्हती. जिथे शूर्पणखेचं नाक कापलं गेलं त्या गावात ती हिंदीत ओरडली, हे मला खटकलं. मुलांना नाही खटकलं. ती टीव्हीवर तो हिंदीतच पाहत आली होती.

बाईंना मी काळाराम दाखवला, गोदाघाट दाखवला, पैठणी दाखवायला येवल्याला नेलं. त्या सगळ्याला छान म्हणाल्या. पण बोहाड्याबद्दल सांगितलं तेव्हा वही काढली. नाशिकच्या पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात आणि पलीकडे मोखाडा-जव्हारकडे चैत्र-वैशाखात रात्र रात्र सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, एकेक मुखवटा घालून, संबळ-सनईच्या तालावर. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत, आता बरेच कागदाच्या लगद्याचे. दहा तोंडांचा रावण डोक्यावर घेऊन नाचणं म्हणजे मानेची परीक्षा. नोह नाटकातही मुखवटाच. बाईंनी विचारलं, मुखवट्याला डोळ्यांची भोकं कुठे असतात, नाचणाऱ्याला पायाखालचं दिसतं का, आणि तो चढवताना माणूस काही म्हणतो का.

आता आमचं नवं काम तेच आहे. वर्गात लगदा भिजत घातलाय, खळ शिजवायची आहे, रद्दीवाल्याकडून जाड कागद यायचा आहे. रावणाची दहाही तोंडं सारख्या आकाराची करायची की मधलं मोठं, यावर ओजसचं आणि नथवालीचं अजून मिटलेलं नाही. बाईंचा निरोप आला आहे की मधलं मोठं करा, नाहीतर मान मोडेल.